पहिल्या पायरीवर भरलेली ओटी

नामपूरहून सकाळच्या एसटीत चढले तेव्हा माझ्या एका हातात काठी होती आणि दुसऱ्या हातात ओटीची पिशवी. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सगळं दोनदा बघून घेतलेलं. काठी दिसल्याबरोबर एक बाई उठलीच, "आजी, खिडकीशी बसा." बसले. शेजारी माझी थोरली नणंद, सखूअक्का.

निघालो होतो सप्तशृंगीच्या गडावर, पस्तीसेक वर्षांपूर्वीचा नवस फेडायला. माझी लेक सुनंदा तेव्हा शाळेत होती आणि रोज काहीतरी हरवायची. डबा, चप्पल, एकदा तर बाजारात धाकट्या भावालाच विसरून आली. मी मारायचे. खोटं कशाला सांगू, उलथन्यानंसुद्धा मारलंय. मारूनही उपयोग होईना तेव्हा देवीला बोलले, पोरीचं डोकं थाऱ्यावर येऊ दे, तिच्या हातानं तुझी ओटी भरीन. गेल्या वर्षी नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी त्या डोक्याला नाव दिलं, एडीएचडी. जन्मापासूनची घडणच तशी, आळस नाही की वेंधळेपणा नाही. गोळ्या सुरू झाल्या, फरक पडला, मग अक्कांनीच नवसाची आठवण करून दिली.

नाशिकला द्वारका चौकात उतरलो तर सुनंदा नेमकी रस्त्याच्या पलीकडे उभी. रिक्षा-ट्रकांमधून वाट काढत आली. तिघी स्टँडवर गेलो, गडाच्या गाडीला वेळ होता म्हणून समोरच मिसळ खाल्ली. झणझणीत होती, पापडही ताजा. खाता खाता मी तिला विचारलं, गोळ्या घेऊनही चेहरा असा का ओढलेला?

"पाळीच्या आधी गोळ्या पुरत नाहीत गं. डोक्यात सात रेडिओ एकदम लागतात. आणि आता पाळीचाही नेम राहिला नाही, कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी."

बिल देऊन उठली आणि फोन टेबलावरच राहिला. गल्ल्यावरच्या माणसानं तो सगळ्यांसमोर उंच धरला. "मॅडम, लक्ष कुठंय? चांगल्या धडधाकट दिसता की." चार लोक हसले. सुनंदाही हसली. तिचं ते हसणं माझ्या ओळखीचं आहे.

दिंडोरीपासून दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या बागा, वणी गेल्यावर डोंगर अंगावर येतो. नांदुरीचा घाट चढताना अक्का जप करत होत्या, मी खाली दरी बघत होते.

गडावर उतरल्यावर सुनंदा बाथरूमला जाऊन आली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "आई, आली." अक्कांनी ऐकलंच.

"तुले इतलं बी ध्यानमा नही ऱ्हास का?" (तुझ्या एवढंही लक्षात राहत नाही का?) "शिकेल सवरेल बाई तू!"

"सॉरी, आत्या," सुनंदा म्हणाली. शेहेचाळीस वर्षांची बाई, दोन पोरांची आई, बँकेत नोकरी करणारी. आवाज मात्र तोच, उलथनं बघून निघायचा तो. माझं डोकंच फिरलं. अक्कांवर फिरलं, त्या गल्लेवाल्यावर, आणि सगळ्यात जास्त माझ्यावर. ज्या तारखेचा नेमच उरला नाही ती तिनं लक्षात कशी ठेवायची? माझा गुडघा दुखतो ते काठी सांगते. हिच्या दुखण्याला काठी कुठून आणायची?

अक्कांचं ठरलं होतं, सुनंदा खाली बसेल, ओटी मी वर जाऊन भरीन. मी म्हटलं, मी वर येत नाही. मागितलं तेच चुकीचं होतं. हेच डोकं घेऊन पोरीनं सगळा संसार ओढला आणि मी देवीकडे ते बदलून मागत होते.

सुनंदाला देवळाकडे चढणाऱ्या पहिल्या पायरीवर बसवलं. "ओढणी धर."

"आई, आज चालत नाही."

"मला चालतंय. धर."

तिच्या ओढणीत खण घातला, नारळ ठेवला, तांदूळ ओतले. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत. अक्का तरातरा देवळापर्यंत नेणाऱ्या ट्रॉलीकडे गेल्या त्या दर्शन घेऊनच आल्या, आणि परतीच्या गाडीत मुद्दाम लांबच्या सीटवर जाऊन बसल्या.

नाशिकला उतरून स्टँडबाहेर आलो, तर मागून कंडक्टर धावत येतोय. हातात माझी काठी.

"आजी, गाडीतच राहिली होती. होतं असं." हसला, काठी दिली, गेला. कुणी बघून हसलं नाही, लक्ष कुठंय म्हणून विचारलं नाही. पांढरे केस बघून सगळ्यांनी आपोआप माफ केलं.

सुनंदा ओढणीतली ती ओटी, पदराआड धरावी तशी, सांभाळत उभी होती. "होतं असं." एवढे दोन शब्द माझ्या लेकीला आजवर कुणी म्हटले नव्हते. मीसुद्धा नाही.