आवाज आला का?

काल नव्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि आवाजाची चाचणी लावली. "फ्रंट लेफ्ट, फ्रंट राइट," त्यातली बाई बोलली आणि मी थेट आमच्या भोसरीच्या जुन्या खोलीत पोचलो.

तिथल्या कॉम्प्युटरवरही लिनक्सच होतं, पण साउंड कार्ड काही केल्या बोलत नव्हतं. आप्पांना भजनं ऐकायची होती. कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मशिनांच्या धडधडाटात उभी हयात गेलेला माझा बाप शेजारी स्टुलावर बसला होता, अंगाला ऑइलचा वास. शेवटी सापडलं, एक चॅनेल म्यूट होता. तो उघडताच ती बाई खोलीभर गरजली.

"आरं, बारीक कर की! कान फुटत्याल!" आई ओट्याजवळून ओरडली.

मी खुशीत आप्पांकडे वळलो. ते अजून स्क्रीनकडेच बघत होते. मग त्यांनी स्पीकरवर हात ठेवला.

"थरथरतंय तर. आवाज कवा येनार?"

"थोडं राहिलंय, आप्पा," मी म्हणालो आणि उगाच बटणं दाबत बसलो.

त्याआधी कितीतरी वर्षं माझ्या प्रत्येक बोलण्यावर ते हसून मान डोलवायचे. मला वाटायचं, आप्पांना माझं सगळं पटतं.