अर्धा बैल

लग्न होऊन सानगडीला येऊन दोन वर्षं झाली, तेव्हा घरात आम्ही दोघी वांझ ठरण्याच्या रांगेत होतो: मी आणि लाल कालवड. पंच्याहत्तर-शहात्तरची गोष्ट असेल. मला अजून दिवस गेले नव्हते आणि कालवड माजावरच येत नव्हती. सासूबाई भेदभाव करणाऱ्या नव्हत्या. मोड आलेले चणे दोघींना, अंगारा दोघींना. कालवड निदान अंगारा झटकून टाकायची.

शेवटी सासूबाईंनी गुरांच्या दवाखान्यातून डॉक्टरला घरी बोलावलं. त्याने बाही वर करून खांद्यापर्यंत हात कालवडीच्या आत घातला, बराच वेळ चाचपलं आणि विचारलं, "हिच्यासोबत गोऱ्हा जन्मला होता का?"

"हो, जुळे झाले होते. गोऱ्हा विकला," सासूबाई म्हणाल्या.

"मग ही गाभण राहणार नाही. आईच्या पोटात दोघांचं रक्त एक झालं, भावाचे हार्मोन हिच्यात आले. गर्भपिशवी दोरीएवढी राहिली. वासराला दूध पुरवणाऱ्या ग्रंथी पिशवीत असतात, त्या तयारच झाल्या नाहीत."

"वासराले दूध तर थानातून भेटते."

"ते जन्मल्यावर. त्याच्या आधी पिशवीतल्या ग्रंथींचा दुधासारखा रसच पोसतो."

सासूबाईंनी थोडा विचार केला आणि माझ्याकडे वळल्या. "तुले जुळा भाऊ होता का वं?"

"नाही," मी म्हटलं. "तुमच्या पोराले जुळी बहीण होती का?"

डॉक्टर हात धुवायला विहिरीकडे गेला, तो लवकर आलाच नाही. सासूबाई माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी मुलाला भंडाऱ्याच्या दवाखान्यात तपासणीला पाठवलं. परत आल्यावर नवरा खाली मान घालून गोळ्या घेऊ लागला. माझे चणे बंद झाले.

भाताच्या रोवण्याच्या वेळी एक बैल लंगडा झाला, तेव्हा सासूबाईंनी कालवडीलाच चिखलणीला जुंपायला लावलं. भाताच्या बांधीवर माणसं जमली. एक म्हातारा म्हणाला, "गायीले काहून जुपता, पाप लागल."

"हे गाय नोहे. डॉक्टरनं सांगतलं, अर्धा बैल आहे," सासूबाई म्हणाल्या.

कालवड दणकट होती, जोडीच्या बैलाला ओढत चालली. पुढची कितीतरी वर्षं ती आमची अर्धी शेती ओढत होती. मला मुलगी झाली ती त्या चिखलणीनंतर दोन पावसाळ्यांनी. बारशाला सासूबाई बायकांना सांगत होत्या, "सून चांगलीच होती. दवा पोराले लागली."

नवरा तेवढ्यात पाणी आणायच्या निमित्ताने घराबाहेर पडला.