आत किती, बाहेर किती

भोर तालुक्यात दरवर्षी जेवढी काळजी पिकते, तिच्यातली निम्मी एकट्या आमच्या थोरल्या साडूंच्या ओट्यावर पिकते, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. कामथडीला त्यांच्या घरी पाऊल ठेवलं की ‘या, बसा’च्या आधी ते विचारतात, “येताना टायर गरम तर न्हाई लागला?” मी एसटीनं गेलो असलो तरी. जन्मभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केल्यामुळे तिथल्या टायरांची काळजीही त्यांनी निवृत्तीबरोबर घरी आणली आहे. देवळात प्रसाद घेताना खोबरं दाढेत अडकेल म्हणून ते आधी दाढ चाचपतात. आणि असा माणूस निवृत्त झाल्यावर काय विकत घेतो, तर पुण्याच्या एका डॉक्टरांची पन्नास वर्षांची पिस्ता रंगाची बीटल.

ही गाडी कासवासारखी दिसते. तिचं इंजिन मागे, डिकी पुढे, आणि इंजिन थंड राहायला तिला पाणी लागत नाही, नुसता वारा पुरतो. कापूरहोळच्या गॅरेजवाल्यांना हे पटत नसे. दिसेल त्या भोकात पाणी ओतायला ते टपलेले असत. साडू छाती फुगवून सांगत, “हिला पान्याचा थेंब लागत न्हाई.” पण मागच्या सीटखाली पाच लिटरचा पाण्याचा कॅन कायम भरलेला. मी एकदा त्याबद्दल छेडलं, तर म्हणाले, “लागत न्हाई, ह्ये मला म्हाईत हाय, पाव्हणं. पर ऐन वक्ताला तिचं मन बदललं तर?”

खरी कहाणी चाकांची. जुन्या लोखंडी चाकांना गंज चढलेला, एकाला तर चक्क तडा गेलेला. तसली चाकं आता मिळेनात, म्हणून मुद्दाम, जरा रुंद, बनवून घ्यायचं ठरलं. बनवणाऱ्यानं फोनवर एकच प्रश्न विचारला, “ऑफसेट किती ठेवू?” त्या दिवसापासून साडूंच्या तोंडचं पाणी पळालं. ऑफसेट म्हणजे काय, हे त्यांनी मला भाकरीच्या ताटावर वाटी सरकवून समजावलं. “चाक बोल्टावर बसतं न्हवं? तितनं त्ये आत किती जानार आन भायेर किती येनार, त्यो ऑफसेट. लई आत ग्येलं तर आतल्या दांड्याला घासनार. लई भायेर आलं तर मडगार्डला. बोटभर चुकलं की मेलो.” त्या बोटभर जागेपायी गाडी तीन वर्षं विटांवर उभी होती.

त्या तीन वर्षांत त्यांच्याकडे जेवायला जाणं हे एक संकटच होतं. जुन्या चाकाला बाहेरून प्लायवूडची चकती ठोकून साडू ते नव्या चाकाएवढं रुंद करत. मग मडगार्डच्या आतल्या कडेला ज्वारीच्या भिजवलेल्या पिठाचे गोळे चिकटवत. गाडी विटांवरून उतरवून तिच्यात माणसं भरायची, गाडी वरून दाबायची, आणि पीठ किती चेपलं ते बघायचं, अशी त्यांची रीत. भाकरीला उशीर का, तर पीठ मडगार्डला लागलंय. आणि माणसं म्हणजे आम्ही. “पाव्हणं, जरा मागं बसा. हलू नका. श्वास बेतानं घ्या,” असं म्हणत ते आडवे होऊन टॉर्चनं बघत. एकदा त्यांनी चारचौघांत माझ्या बायकोला वजन विचारलं. मेहुणी असली म्हणून काय झालं, ती दिवाळीपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही.

या सगळ्यात कुणाचा जीव टांगणीला लागला असेल, तर तो आक्कांचा. आक्का म्हणजे साडूंची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. दोघींचं माहेर वेल्ह्याला. त्यांच्या भावानं निरोप धाडला होता, त्या वर्षीची जत्रा झाली की घराला कुलूप लावून तो पुण्याला मुलाकडे कायमचा राहायला जाणार. आक्कांचे गुडघे एसटीची पायरी चढू देत नव्हते. त्या साडूंना इतकंच म्हणाल्या, “अवो, म्हायेर हाय तवर येकदा तुमच्या गाडीनं दारात उतरू द्या मला.” आठ दिवस पिठाच्या गोळ्यांची झुंबड उडाली आणि नवव्या दिवशी साडूंनी डोळे मिटून फोनवर आकडा सांगून टाकला. जत्रेच्या चार दिवस आधी चाकं आली.

आम्ही चौघं निघालो. साडूंनी गाडीत बोलायला बंदी केली होती, कारण त्यांना चाकं ऐकायची होती. नसरापूरपासून वेल्ह्यापर्यंत ते दर गावाला उतरून मडगार्डखाली डोकावले. मलाही घाम फुटला होता, खोटं कशाला बोलू? पण कुठंही घासलं नाही. आक्का दारात उतरल्या, भावजयीनं भाकरतुकडा ओवाळला, आणि साडूंनी चार पुरणपोळ्या दाढ न चाचपता खाल्ल्या.

वेल्ह्याच्या घरातून लेक रिकाम्या हातानं निघत नाही, आणि हे तर शेवटचं निघणं. भावानं डिकी उघडली आणि तांदळाच्या दोन गोण्या, नाचणी आणि वर एक फणस घालून ती दाबून बंद केली. पहिल्याच वळणावर पुढच्या डाव्या चाकातून खर्रर्र आवाज आला. साडूंनी गाडी थांबवली. उतरून बघितलं आणि रस्त्याकडेच्या दगडावर मट्कन बसले. “समदी मानसं मागंच बशिवली म्या,” ते हळूच म्हणाले. “पुढच्या डिकीत कुनी बसलंच न्हाई.” एक गोणी आम्ही मागे पायांशी घेतली, पण दुसरीला जागा नव्हती. मी म्हणालो, “ती परत ठेवू. उद्या टेम्पोनं मागवा.” आक्का काचेतून सासरच्या नव्हे, माहेरच्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या, “उद्या तिथं कोन असंल?”

साडू उठले. गाडीच्या रंगावर माशी बसली तरी हाकलणारा हा माणूस. स्टिअरिंगवर बसले आणि म्हणाले, “घासू दे.” कामथडीपर्यंत दर डाव्या वळणाला खर्रर्र व्हायचं, साडूंचा जबडा आवळायचा आणि आक्का त्यांच्या दंडावर हात ठेवायच्या. त्या दोघांवर इतकी माया मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

पुढे त्यांनी पुढची चाकं बदलून घेतली. मडगार्डचा ओरखडा मात्र तसाच आहे. कापूरहोळच्या रंगाऱ्यानं दोनदा विचारलं. “त्याला हात लावायचा न्हाई,” साडूंनी सांगितलं. “तांदूळ आनताना पडलाय त्यो.”

यंदा जत्रेच्या सुमाराला त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. पुढच्या डिकीत वाळूची दोन पोती घातली, कडेनं पीठ चिकटवलं, चाक दोन्हीकडे पुरतं वळवून दाखवलं. पिठाला टायरचा डाग नव्हता. “आता कितीबी तांदूळ घाला,” ते हात झटकत म्हणाले, “घासत न्हाई.” आक्का ओट्यावर वाती वळत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. वेल्ह्याच्या घराला कुलूप लागून तेव्हा वर्ष होत आलं होतं.