मस्कतचा हात, हनोईचा रस्ता

हनोईतल्या पहिल्याच सकाळी मी एका अनोळखी माणसाचं हेल्मेट डोक्यात घातलं. त्यानं इतक्या आपुलकीनं पुढे केलं, की नाही म्हणवेना.

झालं असं, की मला फक्त हॉटेलसमोरचा रस्ता ओलांडायचा होता. पण इतकी वर्षं मस्कतमध्ये काढून एक सवय जडलीय. तिथे आपण एक पाय रस्त्यावर ठेवून हात जरा वर केला, की भलीथोरली गाडीसुद्धा आदबीनं थांबते आणि आतला ओमानी गृहस्थ ‘चला’ म्हणून बोटं हलवतो. त्याच थाटात मी इथेही हात वर केला. समोरून स्कूटरींचा लोंढा वाहत होता, तो वाहतच राहिला. शेवटी एक थांबली. चालवणाऱ्याला वाटलं, गिऱ्हाईक आलं.

“बाबा, ती टॅक्सी आहे! तू कुठे चाललायस?” मागून मुलगी ओरडली. तोवर मी हेल्मेटचा पट्टासुद्धा लावला होता.

खरं तर मी तिथे परीक्षक म्हणून गेलो होतो. मुलीचं कॉलेज संपलं आणि तिनं जाहीर केलं, की पाठीवर सॅक टाकून महिनाभर एकटी फिरणार. हनोईपासून सुरुवात, मग रेल्वेनं दक्षिणेकडे. घरात बरीच खडाजंगी होऊन असं ठरलं, की पहिले काही दिवस मी बरोबर जायचं. तिला जमतंय असं वाटलं तर ती पुढे जाईल, नाहीतर दोघं परत मस्कतला. माझा निकाल मनात तयारच होता: परत. मस्कतच्या मवालेह भागात वाढलेली पोर ही! घरातून गाडीत, गाडीतून शाळेत. भाजीची मंडई घराजवळ, पण कोथिंबिरीच्या जुडीसाठीही आम्ही एसी लावून जातो. हिनं आयुष्यात रस्ता म्हणून ओलांडलेला नाही.

आणि हे शहर तर सगळं रस्त्यावरच! फुटपाथवर स्कूटरी लावलेल्या, उरलेल्या जागेत कुणी रस्सा उकळतंय, कुणी भिंतीला आरसा टांगून केस कापतंय. बसायला बालवाडीतल्यासारखी प्लास्टिकची स्टुलं. नाश्त्याला मी एकावर बसलो खरा, पण उठताना मला मुलीनं एका हाताला धरून ओढलं आणि मालकिणीनं दुसऱ्या. पाठीवर सॅक, पुढे पोट; तोल तेवढा छान साधला होता. नंतर एका स्कूटरवरून चक्क कपाट गेलं. चालवणारा मागाहून दिसला.

हेल्मेट परत करून मी पुन्हा कडेला उभा राहिलो. तेवढ्यात खांद्यावर कावड घेतलेली एक म्हातारी नदीत उतरावी तशी त्या लोंढ्यात उतरली आणि पलीकडे गेलीसुद्धा.

“बघ बाबा. ती थांबत नाही, पळत पण नाही. सेम स्पीड. मग ते लोक आपोआप बाजूने जातात.”

“आणि नाही गेले तर?”

“जातात. तू हात वर करून उभा होतास ना, तेव्हापासून बघतेय मी. हात दे. आणि मध्येच थांबायचं नाही हां. यल्ला!”

हनोईच्या भर रस्त्यात मस्कतचं ‘यल्ला’, म्हणजे ‘चल’, ऐकून माझे पाय आपोआप निघाले. मधोमध मात्र ते थबकायला लागले. तिनं माझा हात घट्ट दाबला, पण वेग कमी केला नाही की वाढवला नाही. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. तिची नजर येणाऱ्या प्रत्येक स्कूटरवाल्याच्या डोळ्यांवर होती. आणि खरंच, स्कूटरी आमच्या दोन्ही बाजूंनी निघून जात होत्या.

पलीकडे पोचलो तेव्हा माझी छाती एवढी फुगली होती, की सॅकचे पट्टे काचायला लागले. तिथल्या कॉफीवालीला मी उगाचच सांगितलं, “माय डॉटर!” तिनं कौतुकानं मान हलवली आणि दोन स्टुलं पुढे केली. मी मुकाट्यानं बसलो.

बसल्या बसल्याच बायकोला फोन लावला. मस्कतला नुकतं उजाडत होतं. म्हातारी, लोंढा, पोरीची नजर, सगळं रंगवून सांगितलं आणि निकाल दिला: “अगं, ही एकटी कुठेही जाईल. तू काळजीच करू नकोस.” हेल्मेटचा भाग मी गाळला, पण पोरीनं काढलेला त्याचा फोटो माझ्याआधीच घरी पोचला होता.

बायको म्हणाली, “बरं, जाऊ दे तिला पुढे. फक्त जाण्याआधी तुम्हाला रस्ता ओलांडून परत हॉटेलच्या बाजूला नेऊन सोड म्हणावं.”