खोबरेल पाजलेला रेग्युलेटर
परवा गरम पाण्याची जुनी पिशवी शेकायला घेतली आणि तापल्या रबराच्या वासानं मला थेट सत्तरच्या दशकात, नागपूरकडच्या खाप्याजवळ कन्हान नदीच्या डोहावर नेऊन बसवलं. आमच्या पोहण्याच्या मंडळाकडे पाण्याखाली श्वास घ्यायचा एकच रेग्युलेटर होता. त्याची निगा माझ्याकडे, कारण धरमपेठेतले स्टोव्ह दुरुस्त करून मी स्वतःला इंजिनियर समजायचो. स्टोव्हच्या चामडी वॉशरला लावतात तसं मी रेग्युलेटरच्या आतल्या, पाणी अडवणाऱ्या रबरी पडद्यालाही महिनाभर खोबरेल चोपडलं. चामडं तेलानं मऊ राहतं, रबर मात्र फुगून सैल पडतं, हे मला कळलं ते डोहावरून बोलावणं आलं त्या दिवशी. डोहात कॉलेजातला एक पोरगा बुडाला होता, त्याचा देह आम्ही शोधून काढायचा होता. काठावर त्याचा बाप त्याचे कपडे मांडीवर घेऊन बसलेला. रेग्युलेटर लावून बुडी मारलेला आमचा मित्र लगेच पाणी ओकत वर आला. "काहून गा, याले तेल पाजलं का तू? हवेच्या जागी पाणीच येऊन राहिलं ना." दुसरं यंत्र नव्हतं. तिसऱ्या दिवशी देह आपोआप वर आला. बाप माझ्यापुढे हात जोडून म्हणाला, "भाऊ, माह्या पोरासाठी तुमी लय तरास घेतला." हा किस्सा मी अजूनही रंगवून सांगतो, लोक पोट धरून हसतात. मात्र मित्र पाणी ओकतो, तिथंच मी तो संपवतो.