तळ्याकडची वाट
चुन्याच्या फक्कीचा वास आला की वणीबाहेरचं ते मोकळं रान आठवतं. मी मोजणीदार होतो. नव्या लेआउटसाठी फक्कीने प्लॉट आखत होतो. ऊन रणरणत होतं. बकऱ्या घेऊन आलेली एक म्हातारी रेघेपाशी थबकली. "काय करून राह्यला रे बाबू?" इथे घरं होणार, मी सांगितलं. "होऊ दे. पण मले तळ्यापर्यंत एवढीशी वाट सोड. बकऱ्या पाणी कुठं पितीन?" मी नकाशा दोनदा पाहिला. त्यात वाट नव्हती. "साहेबांना विचारतो," एवढंच बोललो. विचारलंही, साहेब नुसतेच हसले. पुढचे दोन दिवस ती लांब उभी राहून माझ्याकडे बघत होती आणि मी मान खाली घालून रेघा मारत होतो. आता निवृत्त झालोय. अजून वाटतं, निदान 'नाही' तरी तिला सांगायला हवं होतं.