बरक्याच्या कमठ्याची दोरी

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. तुमच्या अंकात लोक असले अनुभव लिहितात. सून अंक आणते, मी वाचतो आणि दर वेळी म्हणतो — थापा आहेत सगळ्या. जन्मभर शेतात राबलो, खाडीच्या बांधावरून वेळी-अवेळी एकटा आलो-गेलो, मला कधी काही दिसलं नाही. मेलेलं माणूस मेलं, संपलं… असंच मानत आलो. अजूनही तेच मानतो, म्हणून तर डोक्याला जास्त ताप आहे.

गोष्ट २००६ सालची, दसऱ्यानंतरची. मी राहतो भाईंदरला, खारी गावात, मुलाच्या फ्लॅटमध्ये. पण माझं मूळ घर घोडबंदरच्या वरच्या अंगाला, अगदी डोंगराच्या पायथ्याशी. घर हायवेच्या रुंदीकरणात गेलं. जंगल आहे तिथेच. आणि जंगलाच्या कडेला पाडा आहे, तिथे बरक्या राहतो. लहानपणापासूनचा माझा जोडीदार. कमठा, म्हणजे धनुष्य, धरायला मला त्यानेच शिकवलं.

आम्ही दोघं शिकार करायचो. तेव्हा बंदी नव्हती, बंदी आल्यावर सोडली. लपवण्यासारखं काही नाही.

बंदुकीची गोष्ट वेगळी. कमठ्याने हरीण मारायचं तर ते अंगणाच्या टोकाशी उभं असावं इतकं जवळ यायला लागतं. त्यासाठी बसायचं. वारा तोंडावर घ्यायचा, म्हणजे आपला वास त्याच्याकडे जात नाही. बरक्या मुठीतली राख सोडून वारा बघायचा आणि मग जो बसायचा… मुंग्या चढल्या तरी बसलेला, मुतायला लागली तरी बसलेला. आणि जनावराकडे सरळ बघायचा नाही. म्हणायचा, "नजर जड असते नामा. त्याच्या पाठीला लागते. बाजूच्या झाडाकडं बघ."

माझ्याच्याने ते कधी झालं नाही. भेकराने कान हलवला की माझा बाण सुटलेला! चुकून लागलाच, तर मी त्याच्यामागे धावत सुटायचो. बरक्या मला हाताला धरून खाली बसवायचा. "बस. पळवू नको. जखमी जनावर पाठलाग केला की लांब जातं. सोडलं की जवळच बसतं." मी ऐकायचो नाही. माझी कितीतरी जनावरं जंगलातच मेली आणि कोल्ह्यांनी खाल्ली. आमच्या घरात मटण शिजायचं ते बरक्याच्या बाणाचं.

आता माझ्या बायकोबद्दल. अनसूया तिचं नाव, सगळे अनसू म्हणायचे.

जंगलातून आलो की आम्ही कमठे भिंतीला टेकवायचो आणि भिंतीकडे पाठ करून ओट्यावर चहाला बसायचो. पाठ का, ते सांगतो. बाईमाणसाने कमठ्याला हात लावायचा नाही, असं आमच्याकडे तेव्हा मानायचे. लावला तर नेम जातो म्हणे. पण कमठ्याची दोरी काम झालं की उतरवून ठेवावी लागते. चढवलेली राहिली तर काठीतला जोर जातो. बरक्या गप्पांत विसरायचा, मी कंटाळा करायचो. अनसूला ते बघवायचं नाही. आम्ही पाठ केली की ती मागून यायची आणि दोन्ही दोऱ्या उतरवायची. टप्प… टप्प… आवाज यायचा. आम्ही चहा पीत राहायचो. बघितलं नाही म्हणजे हात लावलाच नाही!

माझ्या दोरीला ती वर जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी बांधायची, दोरी लोंबू नये म्हणून. डावखुरी होती. तिची गाठ उलटी पडायची, सोडवताना शिव्या याव्यात अशी. बरक्याची दोरी मात्र नुसती लोंबती. मला आत म्हणायची, "परक्याच्या काठीला माझी चिंधी कशाला?"

तेवढं एक सोडलं तर कौतुक सगळं बरक्याचं. "बरकूभावजी बघा कसे बसतात. तुमचं बूड एका जागी टिकंल तर शप्पथ!" चारचौघांत म्हणायची. मी हसायचो आणि आतून जळायचो. सगळा संसार जळण्यात गेला म्हणा.

तर २००६ च्या पावसाळ्यात अनसू गेली. कावीळ झाली, हातातून निसटलीच. सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं नेसवलं, लाल काठाचं, तिच्या आवडीचं. मी स्वतः ट्रंकेतून काढून दिलं.

त्यानंतर मी वाट बघायला लागलो. भूत मानत नाही मी, पण स्वप्नात तरी येईल की नाही बायको? नाही आली. सुनेच्या स्वप्नात आली! लसूण निवडून ठेव म्हणून सांगून गेली. सून सकाळी रडत रडत सांगतेय आणि मी खुर्चीत बसून तिच्यावर जळतोय… सुनेवर!

दसरा झाल्यावर बस धरून बरक्याकडे गेलो. त्याची बायको मुलीकडे बोईसरला असते, तो एकटाच. झोपडीबाहेर भिंतीला कमठा टेकवलेला. माझ्या कमठ्याला वाळवी लागून जमाना झाला, त्याचा अजून आहे. दसऱ्याच्या पूजेला बाहेर काढतो.

बरक्या म्हणाला, "नामा, वाईट वाटून घेऊ नको. वैनी येते हिथं."

"कोण वहिनी?"

"अनसूवैनी. मी दोरी चढवतो, हिथं ओट्यावर बसतो, मागं टप्प वाजतं. बघतो तर दोरी उतरलेली."

मी म्हटलं, पाड्यावरची पोरं करत असतील. तर म्हणतो, "पोरांच्यानं उतरंल का ही? तूच उतरवून बघ." मी बघितलं. गुडघ्याला लावून सगळा जोर काढला तेव्हा कुठे उतरली.

माझ्या अंगाची लाही झाली. भीती नाही वाटली, खोटं कशाला बोलू, राग आला. मी इतकी वर्षं हिचा नवरा, आणि ही मेल्यावर जाते कुठे… तर बरक्याकडे! मी तोंडावरच विचारलं.

"बरक्या, तुझं आणि तिचं काही होतं का?"

तो जो हसत सुटला, खोकला लागेपर्यंत. "आता ईचारतोस? दात पडल्यावर?"

"हसू नको. सांग."

"व्हतं की. तिच्या हातचा चहा पिलोय जन्मभर. मला साखर जास्त घालायची."

मला कधी जास्त साखर घातली नाही तिने. हे त्या दिवशी कळलं मला. ती जाऊन दोनेक महिने झालेले, आणि मी साखरेवरून जळतोय.

मग मी रोज जायला लागलो. मुलगा म्हणायचा, "बाबा, काय आहे तिकडे? बसने हाडं मोडतील." मी त्याला काय सांगणार? जाऊन कमठ्यासमोर मांडी घालून बसायचो. डोळे त्या दोरीवर. मनात एकच — ये. एकदा ये. माझ्यासमोर उतरव. मग मी मेलो तरी चालेल.

काही नाही. दोरी ताठच्या ताठ. मी बसने परत फिरलो की मागे उतरायची! दुसऱ्या दिवशी बरक्या अपराध्यासारखा तोंड करून सांगायचा, "काल पुन्हा…" एकदा तर मी त्याची कॉलर धरली. खोटारड्या म्हणालो, आणखी पण बरंच म्हणालो. त्याने हात सोडवला नाही की उलट शिवी दिली नाही. म्हणाला, "तू अजून तसाच बसतोस, नामा. भेकराला बसायचास तसा. टक लावून. तिनं कधी आपल्यासमोर हात लावलाय का कमठ्याला?"

मी कॉलर सोडली. खरंच… उभ्या आयुष्यात मी अनसूला दोरी उतरवताना पाहिलंच नव्हतं. आवाज तेवढा ऐकलेला. आणि आता मी तिच्या वाटेवर डोळे वटारून बसलो होतो. कशी येणार ती?

त्या संध्याकाळी बरक्याने कोरा चहा केला. दोरी चढवली, कमठा भिंतीला टेकवला. आम्ही दोघं ओट्यावर बसलो, भिंतीकडे पाठ करून, पहिल्यासारखे. समोर डोंगर, उन्हं उतरत होती. पलीकडे हायवेवर ट्रकची घरघर. झोपडीत कोणी नाही, झोपडीला दुसरं दार नाही. बरक्या माझ्या खांद्याला खांदा लावून बसलेला, त्याचे दोन्ही हात मला दिसत होते.

तंबाखूची पुडी मी लांब ठेवली. पायाला मुंग्या आल्या. डास चावत होते, मारले नाहीत. समोरच्या पळसाकडे बघत राहिलो. चहा गार झाला. आयुष्यात पहिल्यांदा मी हललो नाही.

आणि मागे… टप्प.

माझी मान वळायलाच आली होती. बरक्याने माझा गुडघा घट्ट दाबला. हळूच म्हणाला, "बस. पळवू नको."

मी बसलो. कसा बसलो, माझं मला माहीत. डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायला हात उचलला नाही. मग दुसरा आवाज आला. कापड फाडल्याचा. चर्रर्र… एक पट्टी फाडावी तेवढाच. मग काही नाही. नुसते ट्रक.

उन्हं पूर्ण गेली तेव्हा बरक्याने गुडघा सोडला. आम्ही उठलो, वळलो.

दोरी उतरलेली होती. आणि लोंबत नव्हती. काठीला नीट गुंडाळून वर चिंधी बांधलेली. लाल काठ, कडेला हिरवा धागा. गाठ उलटी.

बरक्याचं तोंड बघायला पाहिजे होतं. पडलं होतं. कितीतरी वेळ चिंधीला हात लावत होता आणि काढत होता. शेवटी म्हणाला, "माझ्या येळेला कधी बांधली न्हाय." त्या वेळी मला जे वाटलं ते कोणाला सांगण्यासारखं नाही, पण लिहितो. मला आनंद झाला. रडत होतो आणि आनंद होत होता.

गाठ सोडवायला मला फार वेळ लागला. शिव्या दिल्या, तिला आवडल्या असत्या.

चिंधी मुलाला दाखवली. तो म्हणाला, "बाबा, असा काठ बाजारात शंभर ठिकाणी मिळेल." मिळेल. पण पाड्यावर आणून, आमच्या पाठीमागे, डाव्या हाताने कोण बांधणार? तिची बाकीची लुगडी लेकीने गोधडीला नेली होती. मी तिच्याकडे जाऊन गोधडी उलटीपालटी करून बघितली. त्यात लाल काठाचं हिरवं नाहीच. कुठून असेल? ते तर तिच्या अंगावर गेलं, मीच काढून दिलं होतं. सुनेने एका शिकलेल्या माणसाला विचारलं, तो म्हणाला दुःखात माणसाला भास होतात. मला झाला असेल. मग बरक्याला पण झाला? आणि भासाची चिंधी पाकिटात राहते का? मला उत्तर येत नाही. कोणाला येत असेल तर कळवा.

त्यानंतर दोरी कधी उतरली नाही. बरक्या रोज चढवतो, ओट्यावर बसतो, मीही अधूनमधून जाऊन त्याच्या शेजारी बसतो. काही वाजत नाही. शेवटी तो स्वतःच उठून उतरवतो. माझ्यावर चिडलेला आहे. म्हणतो, "तू आलास आनि माझं बंद केलंस. निदान अर्धी चिंधी तरी दे."

मी देत नाही.